पॅनेल बंद केलं, पण वीज गेली का?

एचटी म्हणजे उच्चदाबाचं पॅनेल चालू असतं तेव्हा त्याला सगळेच वचकून असतात. दारावर कवटीचं चित्र असतं, ११,००० व्होल्टची लाल पाटी असते, आतून बारीक गुणगुण ऐकू येते. उगाच हात लावायला कुणी जात नाही. खरी गडबड पुढे होते. ब्रेकर पाडला, हिरवा दिवा लागला, अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर आला आणि कुणीतरी म्हणालं, ‘बंद आहे, उघडा मागचं कव्हर.’ त्या क्षणी कव्हरमागे वीज नाही, असं समजायला काहीही आधार नसतो. ब्रेकर उघडल्याची खूण तेवढी मिळालेली असते.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्या ताब्यात एखादं ११ किंवा ३३ केव्हीचं पॅनेल आहे. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरचे कारखाने, वर्धा रोडवरची मोठी रुग्णालयं, मिहानमधल्या कंपन्या, जिनिंग आणि राईस मिल, हल्ली उंच गृहसंकुलंसुद्धा. महावितरण आपला पुरवठा मीटरिंग क्युबिकलपर्यंत आणून देतं. तिथून पुढचं पॅनेल, रोहित्र आणि केबल तुमची. ती सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच. गृहसंकुलाच्या सचिवाला हे ऐकून दचकायला होतं, कारण त्याला वाटत असतं की विजेचं सगळं ‘बोर्डाचं’ असतं.

हिरव्या दिव्याच्या मागे

साधं ११ केव्हीचं इनकमर पॅनेल घ्या. महावितरणकडून आलेली केबल मागच्या कप्प्यात चढते आणि ब्रेकरच्या एका बाजूला जोडलेली असते. तुम्ही ब्रेकर पाडला की पलीकडची बाजू सुटते, म्हणजे बसबार आणि रोहित्राकडे जाणारी केबल. अलीकडची बाजू जशीच्या तशी जिवंत राहते. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली तरी आत शटरमागे इनकमिंगचे संपर्क ११ केव्हीवर उभेच असतात. ट्रॉली बाहेर येताच शटर आपोआप पडतं ते याचसाठी. ते शटर पान्याने उचलून ‘आतून जरा पुसून घेऊ’ म्हणणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर त्याला त्या खोलीपासून लांब ठेवा. कामात तो कितीही हुशार असला तरी.

इनकमरच्या केबल कप्प्यात किंवा त्याच्या वरच्या बाजूला काम करायचं असेल, तर वीज बंद करणं तुमच्या हातात नाहीच. महावितरणला आधी लेखी कळवा. उपकेंद्रातून फिडर बंद झाला पाहिजे, तिथे अर्थ लागला पाहिजे आणि परमिट तुमच्या हातात आलं पाहिजे. मीटरिंग क्युबिकलच्या सीलला तर हातच लावू नका. नागपुरात देखभालीसाठी ठरवून वीज बंद ठेवली जाते तो दिवस बऱ्याचदा बुधवार असतो. आपल्या पॅनेलचं काम त्या बंदशी जुळवून घेता आलं तर वेळ वाचतो. पण वर्तमानपत्रात ‘सकाळी ८ ते १२ वीज बंद’ असं छापून आलं म्हणजे परमिट मिळालं, असं नव्हे. ती वीज साडेदहालाही परत येऊ शकते.

आता याहून फसवी गोष्ट. वीज मागच्या दारानेही येते. तुमचं रोहित्र ११,००० व्होल्टचे ४३३ करतं. त्याला उलट्या बाजूने वीज दिली तर ते तितक्याच इमानाने ४३३ चे ११,००० करतं. गुणोत्तर सुमारे २५ पट. म्हणजे एलटी (कमी दाबाच्या) बाजूला कुठून तरी नुसते ४० व्होल्ट शिरले तरी एचटी टोकांवर हजार व्होल्ट उभे राहतात. हे ४० किंवा ४१५ व्होल्ट कुठून येणार? जनरेटरमधून, चेंजओव्हरचं इंटरलॉक कुणीतरी ‘तात्पुरतं’ बायपास केलेलं असेल तर. शेजारच्या दुसऱ्या रोहित्राच्या बस कपलरमधून. यूपीएसच्या बायपासमधून. छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर स्वतः बंद होतो हे खरं, पण जनरेटर चालू असला की त्यालाच तो ग्रिड समजू शकतो. म्हणून एचटीवर काम करताना एलटीचा मुख्य एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) पाडणं पुरत नाही. तोही बाहेर ओढून कुलूपबंद करायला हवा.

पीटीचा (दाब मोजण्यासाठीच्या छोट्या रोहित्राचा) किस्सा याहून छोटा, पण तेवढाच वाईट. पीटीचं गुणोत्तर ११,००० ला ११०. रिले तपासायला आलेला माणूस पीटीच्या सेकंडरीवर ११० व्होल्ट देतो. पीटी बाहेर काढलेला नसेल तर वर बसबारवर ११ केव्ही तयार. पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला कुणी कापडाने इन्सुलेटर पुसत असेल तर त्याला हे कळायचीही सोय नाही. सेकंडरी टेस्टिंग सुरू करण्याआधी पीटीची ट्रॉली बाहेर ओढा, फ्यूज काढून खिशात ठेवा. सीटीच्या (प्रवाह मोजण्यासाठीच्या रोहित्राच्या) बाबतीत उलटा नियम आहे. मुख्य वाहिनीत प्रवाह असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवू नका. तिच्या टोकांवर हजारो व्होल्टचा दाब चढतो आणि सीटी जळून फुटते.

तर क्रम असा ठेवा. आधी एलटीचे फिडर उतरवून भार काढा, मग एलटीचा एसीबी, मग एचटीचा ब्रेकर. एचटीचा आयसोलेटर भारावर उघडायचा नसतो. भार तोडण्याचं काम ब्रेकरचं. ब्रेकर पडल्यावर ट्रॉली ‘सर्व्हिस’मधून ‘आयसोलेटेड’ स्थितीत आणा. ट्रॉली हलवताना दार बंद असावं आणि उभं राहायचं ते एका बाजूला, पॅनेलच्या नाकासमोर नाही. आत ठिणगीचा स्फोट झाला तर त्याचं तापमान जवळजवळ २०,००० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून जास्त. वाहक तारेला न शिवता, नुसतं समोर उभं राहूनही माणूस असा भाजतो. अभियंता राल्फ ली यांनी १९८२ मध्ये याच विषयावर शोधनिबंध लिहिला, तोवर बहुतेकांचं लक्ष शॉकच्या धोक्याकडेच होतं. आज आयईसी ६२२७१-२०० या मानकात आतल्या आर्कची चाचणी पास झालेली पॅनेलं मिळतात. त्यांचा ज्वाळेचा मार्ग वरच्या झडपांतून बाहेर जातो. पण ही हमी सगळी दारं बंद आणि सगळे बोल्ट कसलेले असतील तेव्हाचीच आहे. सहा बोल्टांच्या जागी दोनच लावलेलं मागचं कव्हर तुम्ही पाहिलं असेलच.

मग स्प्रिंग. व्हीसीबीची (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरची) क्लोजिंग स्प्रिंग मोटरने ताणून ठेवलेली असते आणि वीज गेल्यावरही ती ताणलेलीच राहते. यंत्रणेत बोट घातलं आणि खटका पडला तर बोट जातं. ट्रॉली बाहेर आल्यावर मोटरचा पुरवठा काढा, ब्रेकर एकदा हाताने ऑन आणि पुन्हा ऑफ करा. स्प्रिंग मोकळी झाल्याची खूण दिसली की पुढचं काम. एचटी कपॅसिटर असतील तर किमान दहा मिनिटं थांबा आणि मग डिस्चार्ज रॉड लावा. लांब केबलमध्येही विद्युतभार शिल्लक राहतो, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) केल्यानंतर तर नक्कीच.

यानंतर तपासणी. व्होल्टेज डिटेक्टर त्या दाबासाठीचा असावा, मुदतीत तपासलेला असावा आणि वापरण्याआधी माहीत असलेल्या जिवंत जागी किंवा त्याच्या टेस्टरवर वाजतो का ते बघावं. मग तिन्ही फेज तपासा. मग पुन्हा एकदा डिटेक्टर तपासा. शेवटची पायरी सगळे वगळतात. मे २०२४ मध्ये नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली; मागाहून यंत्राचाच दोष निघाला. तिथे नुसती चर्चा रंगली. डिटेक्टर मात्र चुकतो तेव्हा ‘वीज नाही’ असं सांगून चुकतो. पॅनेलच्या दारावरचे कपॅसिटिव्ह इंडिकेटर दिवे विझले म्हणून दाब गेला असं धरू नका. दिवेही निकामी होतात.

आणि मग अर्थ. अर्थ स्विच असेल तर तो, नसेल तर अर्थिंग ट्रॉली, तीही नसेल तर अर्थ रॉड. रॉड लावताना आधी जमिनीचं टोक, मग फेजचं. काढताना आधी फेजचं, मग जमिनीचं. वीज जिथून जिथून येऊ शकते त्या प्रत्येक बाजूला अर्थ हवा. एकाच बाजूला लावून काम सुरू केलं तर मागच्या दाराचा प्रश्न तसाच राहतो. अर्थ लागल्यावरच आत हात घालायचा.

कुलूप आणि चावी यांच्याबद्दल एकच आग्रह. जो काम करणार आहे त्याचं स्वतःचं कुलूप, आणि चावी त्याच्या खिशात. चार माणसं असतील तर चार कुलपं. त्यासाठी अनेक भोकांची पट्टी मिळते, ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. ‘दोन वाजता मी चालू करतो, तोवर आटपून घ्या’ हा फोनवरचा करार पूर्ण बंद करा. परमिट कागदावर असावं. कुठून कुठपर्यंत काम, कुठे अर्थ लावले, कुणाला दिलं, किती वाजता. पाळी बदलली तर नवा माणूस प्रत्यक्ष येऊन सही करेल, जुना त्याला जागा दाखवेल.

उन्हाळा, कूलर आणि पहिला पाऊस

बाहेरून आलेला देखभालीचा तक्ता नागपुरात जसाच्या तसा चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बनलेलं इनडोअर पॅनेल साधारणपणे ४० अंशांच्या कमाल वातावरणासाठी बांधलेलं असतं आणि दिवसाची सरासरीही ३५ च्या आत असावी असं ते गृहीत धरतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ ओलांडतो. २०१३ मध्ये तो ४७.९ वर गेला होता. पत्र्याच्या छताखालची पॅनेलची खोली याहून गरम असते. म्हणून आधी पॅनेलची नेमप्लेट वाचा. ५० अंशांसाठी मागवलेलं पॅनेल असेल तर ठीक. ४० चं असेल तर उन्हाळ्यात त्याच्यावर पूर्ण भार टाकू नका, किती कमी करायचा ते उत्पादकाला विचारा.

गरम खोली पाहिली की नागपूरकराला पहिली आठवण होते कूलरची. वाळ्याची ताटी लावलेला लोखंडी कूलर खिडकीला बसवतात आणि पॅनेलवर गार वारा सोडतात. माझ्या मते नागपुरातल्या एचटी पॅनेलचा हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. कूलरचा वारा म्हणजे दमट वारा. त्याच्याबरोबर बोअरच्या पाण्यातले क्षार आणि रस्त्याची धूळ येते. इन्सुलेटरवर आधीच धुळीचा थर असतो. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राखेचा, बुटीबोरीत सुताच्या तंतूंचा. कोरडी धूळ फारसं काही करत नाही. तिला ओल मिळाली की ती वीज वाहू लागते. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर बारीक ठिणग्या रांगतात, एपॉक्सीवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात. एकदा ती रेघ कोळशाची झाली की पुसून जात नाही, तो भाग बदलावाच लागतो. रात्री दिवे मालवून पॅनेलच्या काचेतून पाहिलं तर जांभळट झाक दिसते, कान दिला तर तळणीवर पाणी पडल्यासारखी चर्रर ऐकू येते, आणि वास येतो तो ओझोनचा, झेरॉक्सच्या दुकानातला. दार उघडल्यावर तांब्याच्या जोडांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर समजा, हे बरेच दिवस चाललंय.

खोली थंड करायची असेल तर एक्झॉस्ट पंखे लावा, छतावर पांढरा लेप द्या, फार तर एसी बसवा. कूलर काढून टाका.

दुसरी उलटी चूक पॅनेलच्या हीटरची. प्रत्येक पॅनेलमध्ये केबल कप्प्यात छोटा स्पेस हीटर असतो, ओल धरू नये म्हणून. उन्हाळ्यात ‘आधीच गरम होतंय’ म्हणून त्याचा एमसीबी पाडतात आणि जूनमध्ये चालू करायचं विसरतात. मृगाचा पहिला पाऊस पडतो, तापमान काही तासांत पंधरा-वीस अंशांनी उतरतं, आणि थंड पत्र्याला दव धरतं. थर्मोस्टॅट बरोबर असेल तर हीटर स्वतःच गरज नसताना बंद राहतो. त्याचा पुरवठा काढण्याची गरज नसते. मेच्या शेवटच्या आठवड्यात क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक हीटर प्रवाह घेतो का ते पाहा.

म्हणून वार्षिक देखभाल एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवावी. त्याआधी, भार सर्वांत जास्त असतो अशा दुपारी थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून घ्या. तीन फेजच्या जोडांपैकी एकच गरम दिसतोय का ते बघायचं असतं. बाकी आकडा परिस्थितीप्रमाणे बदलतो. तोच जोड बंदच्या दिवशी उघडा. तो नुसता जास्त आवळून सोडू नका. पृष्ठभाग साफ करा, लग आणि बोल्ट तपासा, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच कसा आणि बोल्टवर रंगाची रेघ ओढा. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल झालाय हे लांबून कळतं.

बंदच्या दिवशी काय काय होतं ते कंत्राटदाराच्या यादीत असतंच. कोरड्या सुती कापडाने पुसणं, व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढणं (कॉम्प्रेसरची हवा मारली तर धूळ सीटीच्या फटीत जाऊन बसते), यंत्रणेला सांगितलेलंच ग्रीस, संपर्क रोध मायक्रोओहममध्ये, ब्रेकरचं टायमिंग, व्हॅक्यूम बाटलीची उच्चदाब चाचणी. व्हॅक्यूम बाटली बाहेरून पाहून तिच्याबद्दल काही कळत नाही, म्हणून ही चाचणी टाळू नका.

मेगरबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण तिथे चुकीचे निष्कर्ष निघतात. ११ केव्हीसाठी ५ केव्हीचा मेगर वापरा. इन्सुलेशनचा रोध तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मा होतो. म्हणजे जानेवारीत २५ अंशांवर ४,००० मेगओहम दाखवणारी केबल मेमध्ये ४५ अंशांवर १,००० दाखवेल आणि तरी ती अगदी ठणठणीत असेल. आकड्याशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहिलेली नसेल तर तो आकडा पुढच्या वर्षी कशाशीच ताडून पाहता येत नाही. मला विचाराल तर हे दोन रकाने नसलेला देखभालीचा अहवाल कंत्राटदाराला परत करावा.

अर्थिंग मोजायची वेळही मे महिनाच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थच्या पाइपपासून सुटते. भेगेत हवा, आणि हवा वीज वाहत नाही. जुलैत मोजलं तर ओल्या मातीत प्रत्येक खड्डा छान आकडा देतो आणि अहवाल सुंदर दिसतो. खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घाला, पाइपभोवती भरणा करा, आणि सगळ्यात वाईट महिन्यातला आकडा खरा माना.

पावसाळ्याआधीचं शेवटचं काम म्हणजे भोकं बुजवणं. केबल जिथून पॅनेलमध्ये शिरते तिथल्या ग्लँड प्लेटमध्ये बोटभर फट राहिली तरी पाल, उंदीर, कधी साप आत जातो, आणि बसबारच्या दोन फेजमध्ये पाल आडवी झाली की पूर्ण फिडर बसतो. ट्रेंचमध्ये पाणी साचतंय का तेही पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्यानंतर तरी तळघरात पॅनेल बसवण्याचा नकाशा कुणी मंजूर करून घेऊ नये. पॅनेल आधीच तळघरात असेल तर पंप आणि पाण्याच्या पातळीचा अलार्म जनरेटरवर ठेवा. पाण्यात बुडालेलं पॅनेल वाळलंसं वाटलं तरी सुकवून, तपासून, मेगर करून झाल्याशिवाय चालू करायचं नाही.

कोपऱ्यातली बॅटरी

पॅनेलच्या खोलीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे कोपऱ्यातली बॅटरी. रिलेला दोष दिसतो, पण ब्रेकर पाडायचा तो ट्रिप कॉइलने, आणि ट्रिप कॉइल चालते बॅटरीच्या डीसीवर. बॅटरी मेलेली असेल तर लाखो रुपयांचा ब्रेकर नुसता बघत राहतो आणि दोषाचा प्रवाह वाहत राहतो, महावितरणचा फिडर पडेपर्यंत. आग लागायला एवढा वेळ पुष्कळ झाला. ‘ट्रिप सर्किट हेल्दी’चं बटण रोज पाळीच्या सुरुवातीला दाबून पाहा. लेड-अ‍ॅसिड सेल असतील तर नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं. डिस्टिल्ड वॉटरची पातळी आठवड्याला बघा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसून पेट्रोलियम जेली लावा. महिन्यातून एकदा चार्जर बंद करून बॅटरीवर व्होल्टेज किती टिकतं ते बघा. चार्जर चालू असताना मीटर नेहमीच छान दाखवतो, तो चार्जरचा आकडा असतो. छोट्या उद्योगांत बॅटरीऐवजी पीटीवर चालणारा पॉवर पॅक असतो. त्यातले कपॅसिटर काही वर्षांनी कमकुवत होतात, तेव्हा पुरवठा काढल्यावर तो ब्रेकर एकदा तरी पाडू शकतो का, ते वार्षिक बंदमध्ये करून पाहा.

ट्रिप झाल्यावर

ब्रेकर पडला की पाचव्या मिनिटाला उत्पादन विभागाचा फोन येतो, ‘चालू करा, माल अडकलाय.’ आधी रिलेचा फ्लॅग वाचा आणि वहीत लिहा, मगच रीसेट करा. तात्काळ ओव्हरकरंट दाखवत असेल तर कुठेतरी जवळच शॉर्ट आहे; केबल आणि रोहित्र मेगर केल्याशिवाय ब्रेकर मारायचा नाही. बुकोल्झ रिले किंवा मास्टर ट्रिप पडलं असेल तर अभियंत्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. ‘एकदा मारून बघू’ हे वाक्य ज्या पॅनेलच्या खोलीत चालतं, तिथे रोहित्र बदलण्याची तरतूदही ठेवावी.

माणूस चिकटला तर घरात आपण कोरडी काठी शोधतो. ११ केव्हीवर लाकडी काठी चालत नाही, ती वीज वाहू शकते. आधी पुरवठा पाडा, नंतर जवळ जा. मैदानात तुटलेली वाहिनी पडली असेल तर कित्येक मीटर लांबच थांबा आणि १९१२ वर कळवा. पुरवठा बंद झाल्याची खात्री झाली की श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि १०८ ला फोन. उच्चदाबाचा झटका बसून उठून बसलेल्या माणसालाही रुग्णालयात न्या. आतलं भाजणं आणि हृदयाची गडबड नंतर कळते. आग लागली तर कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं वापरा, पण छोट्या बंद खोलीत तो वायू माणसालाही गुदमरवतो.

माणसं आणि कागद

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम जाऊन २०२३ चे आले आहेत. पॅनेलसमोर किमान एक मीटर मोकळी जागा ठेवायची. मागे उघडे जोड असतील तर भिंतीपर्यंतचं अंतर एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त हवं. म्हणजे एकतर माणूस तिथे शिरूच शकणार नाही, नाहीतर शिरला तर मोकळा उभा राहील. मधल्या चाळीस-पन्नास सेंटिमीटरच्या बोळात माणूस अडकतो. समोर आयएस १५६५२ चं मॅट हवं: ११ केव्हीला २.५ मिलिमीटरचं, ३३ ला ३ मिलिमीटरचं. बाजारात मिळणारं जाडजूड काळं रबर म्हणजे हे मॅट नव्हे. त्यावर मानकाचा छाप शोधा. हातमोजे ११ केव्हीला क्लास २, ३३ ला क्लास ४. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांत कोंडा आणि गालाजवळ धरून कुठून गळते का पाहा. सुईएवढं भोकही पुरतं.

काम करणाऱ्याकडे अनुज्ञापक मंडळाचा पर्यवेक्षक किंवा तारतंत्री परवाना असलाच पाहिजे. परवान्यापुढचं प्रशिक्षण नागपूरकरांना दूर जाऊन शोधायची गरज नाही. दक्षिण अंबाझरी मार्गावर राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, आणि आगीसाठी राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही याच शहरात आहे. गंभीर अपघात झालाच तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, प्राथमिक माहिती २४ तासांत. तोवर जागा जशी आहे तशी ठेवा.

पुन्हा चालू करताना

दिवसभर उन्हात दमलेली माणसं संध्याकाळी सहाला घाईत असतात, आणि चुका तेव्हाच होतात. काम सुरू करताना हत्यारांची यादी केलेली असेल तर आता मोजा. एक पाना, एक कापडाचा बोळा, तारेचा इंचभर तुकडा बसबारवर राहिला तरी पहिल्याच चार्जिंगला आर्क होतो. लावलेला प्रत्येक अर्थ काढलाय का हे परमिटवरच्या नोंदीशी ताडून बघा, आठवणीवर विसंबू नका. प्रत्येकाने आपलं कुलूप स्वतः काढायचं. कुणी घरी गेला असेल तर त्याला बोलावून घ्या, कुलूप तोडू नका. सगळी कव्हरं, सगळे बोल्ट. मग मेगर पुन्हा एकदा, मग परमिट परत, मग सगळी माणसं खोलीबाहेर.

ब्रेकर शक्यतो रिमोटने किंवा दाराबाहेरच्या बटणाने मारा. आधी इनकमर, मग रोहित्र मोकळं चार्ज करा, एलटी बंद ठेवून. दहा-पंधरा मिनिटं ऐका, वास घ्या, तिन्ही फेजचं व्होल्टेज बघा. मग एलटी, आणि भार एकेक फिडरने चढवा. पूर्ण भार आल्यावर तासाभराने दुरुस्त केलेल्या जोडावर पुन्हा थर्मल कॅमेरा फिरवा आणि तो आकडा, खोलीच्या तापमानासकट, वहीत लिहा.